अवयवच्छेदनानंतरचे जगणे आणि समाजमाध्यमांतील त्याचे चित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हात किंवा पाय गमावलेल्या व्यक्ती, त्यांच्या घरची माणसे आणि त्यांच्याविषयी बातम्या लिहिणारे किंवा रील्स करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. पहिले दहा प्रश्न रोजच्या जगण्याचे आहेत आणि पुढचे चित्रणाचे. ज्यांना केवळ चित्रणात रस आहे त्यांनीही पहिला भाग वगळू नये, कारण चुकीचे चित्रण बहुतेक वेळा कृत्रिम अवयवाचा सॉकेट म्हणजे काय हेच ठाऊक नसल्यामुळे होते. वैद्यकीय निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावेत.

१. अवयवच्छेदन म्हणजे काय आणि ते कशामुळे करावे लागते?

शस्त्रक्रिया करून हात, पाय किंवा त्यांचा काही भाग काढून टाकणे म्हणजे अवयवच्छेदन. बोलताना आपण "पाय काढला" असेच म्हणतो. मधुमेहात पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा कमी होऊन साधी जखम चिघळते व गँगरीन होते, हे एक मोठे कारण आहे. रस्त्यावरचे अपघात, रेल्वे रुळांवरचे अपघात, हाडाचा कर्करोग आणि विजेचा धक्का ही इतर कारणे होत. भालाफेकीत २००४ आणि २०१६ च्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारे देवेंद्र झाझडिया आणि सोलापूर जिल्ह्यातील जलतरणपटू सुयश जाधव या दोघांचेही अवयवच्छेदन लहानपणी बसलेल्या विजेच्या धक्क्यामुळे झाले. खेड्यांत कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि उसाचा चरक यांच्यात सापडून हात जातात. बिडी-तंबाखूच्या व्यसनातून होणाऱ्या बर्जर रोगात ऐन तारुण्यात पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात. माध्यमांत मात्र प्रामुख्याने सैनिक आणि अपघातग्रस्त दिसतात. मधुमेहाने पाय गेलेले साठीचे गृहस्थ क्वचितच कोणाच्या रीलचे नायक होतात.

२. शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम पाय लगेच बसवता येतो का?

नाही. आधी जखम पूर्ण भरावी लागते आणि खुंटाची, म्हणजे उरलेल्या भागाची, सूज उतरावी लागते. त्यासाठी आठच्या आकड्यासारखे वेढे देत लवचिक पट्टी बांधतात; ती टोकाकडे घट्ट आणि वरच्या बाजूला सैल असावी लागते, उलट झाल्यास सूज खालीच अडकते. या काळात घरचे लोक मायेपोटी गुडघ्याखाली किंवा मांडीखाली उशी ठेवतात आणि नेमके तेच करू नये, कारण सांधा वाकलेल्या स्थितीत आखडला तर पुढे पाय बसवणे अवघड होते. उशीऐवजी रोज काही वेळ पालथे झोपण्याचा सल्ला देतात.

पहिला सॉकेट, म्हणजे खुंट ज्यात बसतो तो साचा, बहुधा तात्पुरता असतो. खुंट पुढचे अनेक महिने आकसत राहतो, त्यामुळे सैल झालेला पहिला सॉकेट बदलावा लागणे म्हणजे फसवणूक झाली असे नव्हे. गुडघा वाचला आहे की नाही याने मोठा फरक पडतो : गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर चालायला पुष्कळ अधिक शक्ती खर्च करावी लागते.

३. जो पाय राहिलाच नाही तो दुखतो कसा? घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत.

हे मनाचे खेळ नाहीत. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांनी या वेदनेची नोंद केली होती, आणि अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांवर उपचार करणारे सायलस वेअर मिचेल यांनी तिला "फँटम लिंब" हे नाव रूढ केले. पायाचे चेतातंतू तुटले तरी मेंदूतील पायाचा नकाशा कायम असतो, म्हणून नसलेली बोटे खाजतात, वळतात, जळतात. चेतातंतूंच्या वेदनेवरील औषधे काहींना लागू पडतात. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपाय पुढे आणला : दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरून शाबूत पायाचे प्रतिबिंब पाहत व्यायाम करायचा. तो सर्वांना उपयोगी पडत नाही, पण त्याला जवळजवळ खर्च नाही.

खुंटच दुखत असेल तर ती बाब वेगळी. तेथे तुटलेल्या चेतातंतूची गाठ, जंतुसंसर्ग किंवा न बसणारा सॉकेट असू शकतो आणि त्याची तपासणी करून घ्यायलाच हवी.

४. जयपूर फूट घ्यावा की कार्बन फायबरचा महागडा पाय?

आधी सॉकेटचा विचार करावा, पायाचा नंतर. लाखो रुपयांचा पाय वाईट सॉकेटला जोडला तर तो कोपऱ्यात पडून राहतो, आणि नीट बसलेल्या सॉकेटखालचा साधा पाय वर्षानुवर्षे शेतात चालतो.

जयपूर फूट १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केला. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. "मास्टरजी" शर्मांचे नाव त्या मानाने मागे पडले, ही या इतिहासातील खटकणारी गोष्ट आहे. पाश्चात्त्य पाय बुटात घालण्यासाठी बनलेले होते. रबराचा हा पाय अनवाणी चालण्यासाठी, उकिडवे बसण्यासाठी आणि चिखलपाण्यासाठी बनवला गेला. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य बसवते. कार्बन फायबरचा पाय हलका असतो आणि पाऊल उचलताना उसळी परत देतो. दिवसभर फिरतीचे काम करणाऱ्या माणसाला तो फरक जाणवतो.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्न असलेल्यांना साहाय्यक साधने मिळतात. पुण्यात १९४४ पासून सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. निवड करताना एक निकष अवश्य लावावा : दुरुस्तीसाठी जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल, असे ठिकाण आपल्या आवाक्यात आहे का? एका दिवसाच्या शिबिरात पाय मिळतो, पण सॉकेट रुतू लागेल तेव्हा ते शिबिर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असते.

५. देवळात किंवा घरात चप्पल काढली की तोल मागे जातो. पायात दोष आहे का?

बहुधा नाही. कृत्रिम पायाचा कोन विशिष्ट उंचीच्या टाचेसाठी जुळवलेला असतो. बूट काढला की टाच खाली जाते आणि संपूर्ण पाय मागे झुकतो. परदेशी माहितीपत्रकांत याचा फारसा उल्लेख नसतो, कारण तेथे घरातही बूट घालण्याची पद्धत आढळते. आपले दिवसातले कितीतरी तास उंबऱ्याच्या आत जातात, त्यामुळे पाय बनवतानाच "मी घरात अनवाणी चालतो" असे स्पष्ट सांगावे. साधी चप्पल कृत्रिम पायातून निसटते. मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी.

मांडी घालून बसायचे, तर गुडघ्याखालच्या पायात ते सॉकेटच्या मागच्या काठाच्या उंचीवर अवलंबून असते. गुडघ्यावरच्या पायात खालचा भाग फिरवता येईल असा वेगळा जोड बसवून मिळतो. पंगतीला खाली बसता येणे ही काहींच्या दृष्टीने चैन नसते, म्हणून तो जोड मागायला संकोच करू नये.

६. पाय दिवसभर घालून ठेवावा का?

सुरुवातीला तासाभराने काढून त्वचा पाहावी आणि वेळ हळूहळू वाढवावा. थोड्या वेळात मावळणारी लाली चालते. तशीच राहणारी लाली, फोड किंवा ओल दिसल्यास पाय घालणे थांबवून सॉकेट दुरुस्त करून घ्यावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लायनरमध्ये, म्हणजे सॉकेटच्या आत खुंटावर चढवायच्या मऊ आवरणात, अक्षरशः घाम साचतो. दुपारी एकदा तो काढून खुंट व लायनर पुसून कोरडे करणे हाच खरा उपाय आहे, पावडरचे थर हा उपाय नाही. खुंट दिवसभरात बारीक होतो, म्हणून खुंटावर घालायचा जास्तीचा मोजा पिशवीत ठेवावा. रात्री पाय काढून खुंट सौम्य साबणाने धुवावा आणि आरशात मागची बाजूही पाहावी.

कुबड्या पलंगाला लागूनच ठेवाव्यात. झोपेतून उठताना पाय नाही हे विसरून उभे राहिल्याने पडणारे लोक आहेत, आणि तो प्रकार शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ काळाने देखील घडतो.

७. वडिलांचा पाय मधुमेहामुळे काढला. दुसऱ्या पायाचे काय?

त्याची काळजी आता दुप्पट घ्यायला हवी. ज्या कारणाने पहिला पाय गेला ते कारण दुसऱ्या पायातही असते, आणि शरीराचा भारही आता त्याच्यावर अधिक पडतो. रोज तळवा पाहणे, अनवाणी न चालणे, कुरूप घरी ब्लेडने न कापणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू बंद करणे, यांत सवलत नाही.

८. प्रमाणपत्र कसे मिळते आणि नोकरी जाऊ शकते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज केल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि ओळखपत्र मिळते. टक्के अवयव कोठून कापला यावर ठरतात, आपण किती छान चालता यावर नव्हे. पायाची केवळ बोटे गेली असतील तर ४० टक्के भरत नाहीत.

सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही, असे याच कायद्याचे कलम २०(४) सांगते. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. हे संरक्षण खासगी कंपनीला जसेच्या तसे लागू नाही, आणि हा भेद न सांगता "नोकरी जाऊच शकत नाही" असे ठोकून देणारे संदेश सर्रास फिरतात.

९. पूर्ण पँट घातली की कोणाला काही कळत नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात लोक हुज्जत घालतात आणि व्हिडिओ काढतात.

ओळखपत्र दाखवण्याचे बंधन तपासनीस आणि पोलीस यांच्यापुरते आहे. सहप्रवाशाला पँट वर करून दाखवण्याचे बंधन कोणावरही नाही. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजल्यापासून प्रत्येक चांगले चालणारा माणूस लोकांना संशयित वाटतो. असा व्हिडिओ मिळाला आणि तो प्रसारित करण्याचा मोह झाला, तर एवढे लक्षात ठेवावे : चांगले चालता येणे हे नीट बसलेल्या सॉकेटचे लक्षण आहे.

१०. विमानतळावर पाय काढून दाखवायला सांगतात. नाही म्हणता येते का?

आपण तपासणीला नकार देत नाही, पाय काढण्याला देत आहात, हे शांतपणे सांगावे आणि आडोशाच्या जागेची व स्फोटकांचे कण तपासणाऱ्या यंत्राची मागणी करावी. नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये याच त्रासाविषयी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कृत्रिम अवयव काढायला लावू नये, असे मत व्यक्त केले.

तो व्हिडिओ चित्रणाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे. १९८१ च्या अपघातानंतर जयपूर फूट लावून रंगमंचावर परतलेली नर्तिका ही त्यांची प्रतिमा लोकांच्या चांगल्या परिचयाची होती. तपासणीच्या रांगेतला वैताग मात्र त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर मांडल्यावरच बातमीचा विषय झाला.

११. बातमीत कोणता शब्द वापरावा?

ती व्यक्ती स्वतःसाठी वापरते तो. शासकीय मजकुरात "दिव्यांग" रूढ आहे. काहींना तो आवडत नाही आणि ते "अपंग" हाच शब्द पसंत करतात. "लंगडा" आणि "थोटा" हे शब्द टाळावेत. शक्य तेथे नेमके लिहावे : "गुडघ्याखालून पाय नसलेले".

१२. "प्रेरणादायी" रील करण्यात वाईट काय आहे? आम्ही तर कौतुकच करतो.

कौतुक कशाचे करता यावर ते अवलंबून आहे. कृत्रिम पाय लावून भाजी आणायला गेलेल्या बाईच्या व्हिडिओवर व्हायोलिन वाजवून खाली "तुमच्याकडे काय कारण आहे?" असे लिहिले, की ती बाई धडधाकट प्रेक्षकाला लाज आणण्याचे साधन होते. ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग, ज्या स्वतः व्हीलचेअर वापरत, यांनी याला "इन्स्पिरेशन पॉर्न" हे नाव दिले. शब्द बोचरा आहे, पण नेमका आहे. या पद्धतीत जिद्द सांगितली जाते आणि जिना कोणी बांधला ते सांगितले जात नाही. कार्यालयात उद्वाहक (लिफ्ट) नसताना तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या माणसाची बातमी खरे तर उद्वाहकाची बातमी असते.

मानसी जोशी यांचे उदाहरण घ्या. २०१९ मध्ये बासेल येथे त्यांनी पॅरा-बॅडमिंटनचे जागतिक विजेतेपद पटकावले आणि अंतिम सामन्यात अनुभवी पारुल परमार यांना हरवले. त्या सामन्याची बातमी त्यांच्या फटक्यांविषयी आणि प्रतिस्पर्ध्याविषयी असायला हवी. ज्यात त्यांचा पाय गेला तो २०११ चा अपघात एका वाक्यात येऊ शकतो. क्रिकेटपटूच्या प्रत्येक शतकाच्या बातमीत आपण त्याच्या बालपणीचे आजार लिहीत नाही.

एक सोपी कसोटी सुचवतो : पायाचा उल्लेख काढून टाकल्यावर गोष्ट उरते का? उरत असेल तर ती अवश्य सांगावी. काहीच उरत नसेल तर त्या व्यक्तीला विचारावे की तिला कशाविषयी बोलायचे आहे. उत्तर बहुधा पैसे, प्रवास, नोकरी किंवा स्वच्छतागृह हे असते.

१३. बायोनिक हाताच्या आणि धावत्या ब्लेडच्या रील्स पाहून मुलगा तेच हवे म्हणतो. त्या खऱ्या असतात का?

खऱ्या असतात, पण अर्ध्या. ब्लेड, म्हणजे पात्यासारखा वाकवलेला कृत्रिम पाय, धावण्यासाठी आहे. त्यावर स्वस्थ उभे राहणेही कठीण असते आणि बहुतेक धावपटू स्पर्धा संपताच रोजचा पाय घालतात. बायोनिक, म्हणजे विद्युतचलित, हात खुंटातील स्नायूंचे सूक्ष्म संकेत ओळखून मूठ उघडतो व मिटतो. तो शिकायला वेळ लागतो, तो चार्ज करावा लागतो, पाण्यापासून जपावा लागतो, आणि बहुतेक हातांना स्पर्श कळत नाही. हात नसलेल्या अनेक व्यक्ती अशी साधने काही काळाने बाजूला ठेवतात, कारण खुंटानेच काम लवकर होते. अंडे अलगद उचलणारा हात पाहताना त्याची किंमत, दुरुस्ती आणि वजन यांविषयी विचारावे. रील करणाऱ्यांनी ते न विचारताच सांगावे.

१४. फोटोत खुंट दाखवावा की झाकावा?

हा निर्णय ज्याचा खुंट त्याचा. कॅमेरा आधी खुंटावर आणि मग चेहऱ्यावर नेणे, खुंटाचे अकारण जवळून चित्रण करणे आणि तो सावल्यांत नाट्यमय करणे टाळावे. दुसरीकडे, संपादकाने आपणहून फोटोतून खुंट कापून टाकणे हेही त्या शरीराला अयोग्य ठरवणेच आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी चित्रवर्णन लिहिताना, दिसणारी गोष्ट असल्यास साधेपणाने सांगावी : "सायकल धुणारी तरुणी, उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम." तेथे विशेषणांची गरज नाही. लहान मुलांबाबत प्रश्न १८ पाहावा.

१५. "आज माझा वाढदिवस आहे, कोणी शुभेच्छा दिल्या नाहीत" असे पाय नसलेल्या सैनिकांचे फोटो पुढे पाठवावेत का?

पाठवू नयेत. यांतील बरेच फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले असतात : बोटांची संख्या चुकलेली, गणवेशावरची अक्षरे निरर्थक, कृत्रिम पाय कशालाही न जोडलेला. सॉकेट कसा दिसतो हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला तो खोटेपणा पटकन कळतो. लाइक गोळा करून पान मोठे करणे आणि मग ते विकणे किंवा त्यावरून फसवणूक करणे, असा हा धंदा आहे. मदतीच्या आवाहनात रुग्णालयाच्या खात्याऐवजी कोणाचा तरी वैयक्तिक क्यूआर कोड असेल तर रुग्णालयाला थेट दूरध्वनी करून खात्री करावी.

१६. मी कृत्रिम पायासह फोटो टाकते. अनोळखी पुरुष केवळ खुंटाचे फोटो मागतात आणि पैसेही देऊ करतात. हे काय आहे?

अवयवच्छेदन झालेल्या शरीराविषयी लैंगिक आकर्षण असणाऱ्या लोकांकडून असे संदेश येतात. सुरुवात आस्थेवाईक असते : "कोठून कापला?", "चालताना दुखते का?", "पाय काढून दाखवाल का?" काही जण स्वतःही अवयवच्छेदन झालेले असल्याचे खोटे सांगतात. उत्तर देण्याचे कोणतेही ऋण आपल्यावर नाही. संदेशाचे चित्र (स्क्रीनशॉट) जपून ठेवावे आणि खाते अवरोधित करावे. आपले फोटो दुसऱ्या पानावर चोरून लावले असतील तर आधी त्या समाजमाध्यमाकडे आणि नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार करता येते. फोटो टाकला ही आपली चूक नव्हे, हे घरच्यांनाही सांगावे लागते, म्हणून येथे लिहिले.

१७. आमच्या गटातला मित्र स्वतःच्याच पायावरून विनोद करतो. मग आम्ही केले तर काय बिघडले?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना हाच भेद सांगितला : दिव्यांगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि दिव्यांग व्यक्तीला हिणवणारा वेगळा. दृश्यमाध्यमांनी साचेबद्ध चित्रण टाळावे आणि निर्मितीत दिव्यांगांना सहभागी करून घ्यावे, असेही त्यात म्हटले आहे. मित्राचा विनोद बहुधा सॉकेट, पावसाळा आणि नातेवाईक यांच्यावर असतो. बाहेरच्याचा बहुधा त्या मित्रावर. सार्वजनिक दृष्टीसमोर मुद्दाम अपमान करण्यासाठी २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड आहे.

१८. आमच्या मुलीला जन्मतःच डावा पंजा नाही. वरचे सर्व तिलाही लागू आहे का?

सर्व नाही. तिने काही गमावलेले नाही, म्हणून तिच्याविषयी "हात गमावला" असे लिहू नये. तिच्या दृष्टीने तेच तिचे पूर्ण शरीर आहे. कृत्रिम हाताची सक्ती करू नये. तो कधी, कशासाठी हवा हे ती वापरून ठरवेल. मोठ्या हाडातून अवयवच्छेदन झालेल्या मुलांत मात्र हाड वाढून टोकाशी त्वचेला टोचू लागते आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. त्यांचा सॉकेटही वाढीबरोबर बदलत राहतो. तिचे फोटो सार्वजनिक करताना ती पंधरा वर्षांची झाल्यावर वर्गातल्या मुलांनी ते शोधून काढले तर तिला चालेल का, असा विचार करावा.

१९. नुकसानभरपाईचा दावा चालू आहे. चालण्याच्या सरावाचे रील टाकू का?

आधी वकिलांना विचारावे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वैद्यकीय टक्के आणि कमाईतील नुकसान एकच नव्हे : हात गेल्यावर वाहनचालकाचा व्यवसाय बुडू शकतो, तर कारकुनाची नोकरी टिकू शकते. त्यामुळे आपण काय काम करत होता आणि आता काय करू शकता यावर दाव्याचा भर असतो, आणि वीस सेकंदांची दमदार चाल विरुद्ध पक्षाच्या हाती पुरावा म्हणून जाऊ शकते. त्यानंतर आपण दोन तास खुंटाला बर्फ लावून बसला होता हे त्या रीलमध्ये दिसत नाही. टाकायचेच असेल तर तारीख, किती पावले चाललो आणि नंतर काय त्रास झाला हे त्याच मजकुरात लिहावे, आणि मूळ अखंड चित्रफीत जपून ठेवावी.